मामा तलाव

मागच्या रविवारी पहाटे पाच वाजता नातवाला उठवले आणि आम्ही दोघे तलावाच्या पाळीवर गेलो. तो पुण्याहून चार दिवसांसाठी आला होता. गळ्यात नवीकोरी दुर्बीण, हातात पक्ष्यांचे पुस्तक आणि डोक्यावर माझी जुनी माकडटोपी! फाल्गुन सुरू झाला असला तरी आमच्या झाडीपट्टीत पहाटेचा गारवा अजून अंगाला झोंबतो. पाळीच्या टोकाला पळस पेटला होता. मोहाची फुले अजून पडू लागली नव्हती, पण बायकांनी झाडाखालचा पाचोळा झाडून ठेवायला सुरुवात केली होती.

उजाडले तसे पाणी दिसू लागले. मध्यावर काळ्या ठिपक्यांचा एक मोठा पट्टा होता, ते वारकरी. त्यांच्या अलीकडे तलवार बदके, शेपटीचे टोक वर आणि डोके पाण्यात. चक्रांगांचा एक लहान थवा काठाच्या गवताला चिकटून बसला होता. पलीकडच्या उघड्या चिखलात चक्रवाकाची एकच जोडी होती, भगव्या रंगाची, थोरामोठ्यांसारखी आब राखून उभी. नातू मोजत होता, मी वहीत लिहीत होतो. वारकरी एकशे दहा, तलवार बदके छत्तीस, चक्रांग एकवीस, थापट्या सात, चक्रवाक दोन, अडई चाळीसच्या आसपास. टिबुकल्या मोजता आल्या नाहीत, कारण त्या मोजू देत नाहीत. मोजत असताना बुडतात आणि भलतीकडेच वर येतात.

मोजणी संपल्यावर त्याने मला दोन प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न, "आबा, हा तलाव बांधला कोणी?"

दुसरा प्रश्न, "आणि ते जांभळ्या फुलांचे रान पाण्यात कोणी लावले? तिथे एकही पक्षी नाही."

मंडळी, मी छत्तीस वर्षे मास्तरकी केली. त्यातली निम्मी वर्षे इतिहास शिकवला. पानिपतची लढाई, फ्रेंच राज्यक्रांती, वंगभंग, सगळे फळ्यावर तारखांसकट लिहून दिले. शाळेच्या खिडकीतून हा तलाव दिसतो. पण तो कोणी बांधला हे मी एकाही वर्गाला कधी सांगितले नाही, कारण ते पुस्तकात नव्हते! आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तर मला फार चांगले ठाऊक होते, म्हणूनच मी ते तिथल्या तिथे दिले नाही. नातू परत गेला. आता ही दोन्ही उत्तरे लिहून काढतो आहे. तोही वाचेल, तुम्हीही वाचा.

तर पहिला प्रश्न. आमच्याकडे या तलावांना 'मामा तलाव' म्हणतात. बाहेरच्या माणसाला वाटते की मामाच्या गावचा तलाव असेल. मामा म्हणजे 'माजी मालगुजारी'. सरकारी कागदांवरचे हे लघुरूप लोकांच्या तोंडी बसले आणि त्याला नात्याचा गोडवा आला. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव आहेत. आमचा भंडारा तलावांचा जिल्हा म्हणूनच ओळखला जाई. १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि आमचा तालुका तिकडे गेला. तलाव मात्र जागेवरच राहिले.

हे तलाव मालगुजारांच्या नावाने ओळखले जात असले, तरी त्यातले बरेचसे मालगुजारीपेक्षा जुने आहेत. ते बांधले कोहळी लोकांनी. वैनगंगेच्या खोऱ्यातली ही शेतकरी जात. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात कोहळ्यांची ओळखच मुळी तलाव बांधणारे लोक अशी करून दिली आहे. त्यांच्यातली परंपरा अशी की चांद्याचा गोंड राजा काशीला गेला होता, तिथली शेती आणि पाण्याचे काम पाहून त्याने ही माणसे आपल्या राज्यात आणली. जो जंगल तोडून तलाव बांधील त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन मिळेल, असा राजाचा बोल होता असे सांगतात. चांद्याचे गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले. म्हणजे ही हकिकत त्याच्याही आधीची.

यातला सर्वांत मोठा तलाव आमच्या शेजारचा, नवेगाव बांधचा. त्याचा विस्तार अकरा चौरस किलोमीटरच्या घरात आहे. कोलू पाटील कोहळी याने तो अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला असे मानतात. भोवताली सात टेकड्या आहेत, त्यांना सातबहिणी म्हणतात. पाळ बांधताना या सात देवींनी हातभार लावला, अशी श्रद्धा आहे. कोलू पाटलाचा पुढे कोलासूर देव झाला आणि त्याचे ठाणे तलावाजवळच आहे. देवळे बांधणारे राजे पुष्कळ झाले, पण तलाव बांधून स्वतःच देव झालेला पाटील मला तरी दुसरा माहीत नाही.

आता बांधायचे कसे? हे मी माझ्या आज्याकडून ऐकले आहे. माझा आजा या तलावाचा पाणकर होता. पाणकर म्हणजे कोणाच्या बांधीत किती पाणी, कधी सोडायचे हे पाहणारा माणूस. तो सांगायचा, की आधी पावसाळ्यात पाणी कुठून येते, कुठे थबकते आणि कुठून निसटते ते पाहायचे. दोन उंचवट्यांच्या मध्ये, निसटायच्या जागी, मातीची पाळ घालायची. मातीचा एक थर टाकायचा, पाणी मारायचे, त्यावरून गुरे फिरवायची, मग दुसरा थर. जास्तीचे पाणी जायला कडेने सांडवा. शेतीला पाणी सोडायला तुडुम. तुडुम ही मोठी हुशारीची गोष्ट. पाळीच्या आतल्या अंगाला दगडी बांधकाम, त्यात वरपासून खालपर्यंत एकाखाली एक भोके आणि प्रत्येक भोकात लाकडी खुंटी. पाण्याची पातळी खाली जाईल तशी खालची खुंटी काढायची. म्हणजे वरचे कोमट पाणी आधी शेतात जाते आणि पाण्याचा जोरही आवाक्यात राहतो. आजा शाळेची पायरी चढला नव्हता. पण कोणत्या खुंटीला किती बांध्या भिजतात हे त्याला पाठ होते.

त्याच्या सांगण्यात आणखी एक गोष्ट असे, ती मी लहानपणी नीट ऐकली नाही. पाळ काही पाटलाने एकट्याने बांधली नाही. टोपल्या डोक्यावर घेऊन माती वाहणारी माणसे गोंड होती, ढीवर होती, महार होती, आणि त्यात बायका जास्त. पुढे मालगुजारीच्या काळात दर उन्हाळ्यात पाळीची डागडुजी होई तीही पुष्कळदा वेठीने. आले नाही तर पाणी मिळायचे नाही. कोलू पाटलाचे ठाणे आहे, पण टोपली वाहणाऱ्या एकाही बाईचे नाव कुठल्या दगडावर नाही. तेव्हा 'आपल्या पूर्वजांचे थोर जलव्यवस्थापन' वगैरे भाषण करताना (मी स्वतः शाळेत असे भाषण केलेले आहे) थोडे थांबावे, असे आता वाटते.

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले वारले आणि इंग्रजांनी राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला. त्याच दशकातल्या जमाबंदीत इंग्रजांनी मालगुजारांना गावाचे मालक ठरवले. तोपर्यंत ते मुख्यतः सारा वसूल करणारे होते, आता गाव, जंगल आणि तलाव त्यांच्या मालकीचे झाले. मालक झाल्यामुळे जुलूम वाढला हे खरे आणि मालक असल्यामुळे पाळ सांभाळली गेली हेही खरे. तलाव फुटला तर धान बुडे, आणि धान बुडले तर सारा कशातून भरणार?

मी जन्मलो १९५१ साली. त्याच वर्षी ३१ मार्चला मालगुजारी गेली. आम्ही तेव्हा मध्य प्रदेशात होतो. त्या सरकारने १९५० साली मालकी हक्क संपवणारा कायदा केला होता, तो अमलात आला. घरी सांगत, की माझ्या बारशाला गावात दोन आनंद एकत्र साजरे झाले. वेठ संपली, जमीन कसणाऱ्याची झाली. तलाव सरकारजमा झाले, पण पाणी पूर्वीच्या हक्काने मिळत राहील असे ठरले. आजा मात्र त्या दिवशी जेवला नाही म्हणतात. त्याला मालगुजाराचा पुळका नव्हता. तो म्हणाला, "आता खुंटी कोन काहाडंल?"

आज्याचा प्रश्न खरा ठरला. १९५६ साली आम्ही द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्रात. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि पुढे लहान तलाव त्यांच्याकडे आले. पाणीपट्टी घ्यायची की नाही यावर वर्षानुवर्षे घोळ चालला. लोक म्हणत, पाणी आमच्या हक्काचे. कार्यालये म्हणत, मग दुरुस्ती कशातून करायची? दोघांचेही बरोबर होते आणि या दोन बरोबरांच्या मध्ये पाळीला भेगा पडत होत्या. पाणकर नावाचा माणूस गावातून हळूहळू नाहीसा झाला. माझे वडील पाणकर झाले नाहीत. मी मास्तर झालो.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, यात पक्षी कुठे गेले? सांगतो.

हा तलाव पक्ष्यांसाठी कोणी बांधला नव्हता, तो धानासाठी बांधला. पण उथळ, गवताळ, हळूहळू आटत जाणारे पाणी म्हणजे हिवाळी बदकांचे भरले ताटच. तलवार बदक, चक्रांग, थापट्या ही मंडळी खोल बुडी मारत नाहीत. उभ्या उभ्या मान घालून जेवढे पोहोचेल तेवढ्याच पाण्यात चरतात. काठावर देवधान उगवते. हा धानाचाच रानटी भाऊबंद. त्याचे दाणे, पाणवनस्पतींच्या मुळ्या, किडे, गोगलगायी, सारे त्या वीतभर पाण्यात असते. लालसरी मात्र बुडी मारणारी, ती थोड्या खोल भागात. म्हणजे एकाच तलावात उथळ, मध्यम आणि खोल असे तीन मजले असले की सगळ्यांची सोय होते. माणसाने शेतीसाठी केलेल्या कामाने अशी साडेसहा हजार ताटे मांडली आणि हिमालयापलीकडून येणाऱ्या पाहुण्यांनी ती शोधून काढली.

लहानपणीची एक आठवण आहे. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. मालगुजारी गेली तरी वाड्यावर पाहुणे यायचे, जीपमधून, बंदुका घेऊन. पहाटे बार उडाले की सगळे आकाश पंखांनी भरून जाई. आम्ही पोरे पाण्यात शिरून पडलेली बदके गोळा करायचो, चार आणे मिळत. एकदा मी उचललेले बदक जिवंत होते. मान वळवून ते माझ्याकडे बघत होते. मी ते पाहुण्यांना दिले आणि चार आणे घेतले. खोटे कशाला सांगू, त्या दिवशी मला काही वाईटबिईट वाटले नव्हते. जिलेबी खाल्ली होती.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि बंदुका हळूहळू थांबल्या. १९७५ मध्ये नवेगावला राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. त्याच दशकात मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगाव बांधला होते. सोलापूरचा हा माणूस आमच्या तलावाकाठी राहिला आणि आमचेच पक्षी त्याने आम्हाला मराठीत ओळखून दिले. ढीवर, गोंड, गावातले म्हातारे यांना जे ठाऊक होते ते त्यांनी ऐकले, पडताळले आणि लिहून ठेवले. आमच्यासारख्या मास्तरांना तोपर्यंत पाण्यावरचे सगळे 'बदक' आणि काठावरचे सगळे 'बगळे' होते! त्यांची पुस्तके वाचून मी १९७९ साली पहिली वही केली. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा आमच्या शाळेत पेढे वाटले होते. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. ५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर सालिम अलींचा. म्हणून हा आठवडा राज्यात २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. असो, विषयांतर झाले.

आता दुसरा प्रश्न. जांभळ्या फुलांचे ते रान कोणी लावले?

मी लावले.

१९८२ सालची गोष्ट. पाळीची आतली बाजू लाटांनी खचत होती. गुरे चढून माती आणखी ढासळवत होती. दुरुस्तीसाठी अर्ज करून करून लोक थकले होते. तेव्हा बेशरम नावाच्या झुडपाचा सगळीकडे गवगवा होता. मूळचे दक्षिण अमेरिकेतले हे झुडूप. गुरे खात नाहीत, कारण पाने विषारी. पाणी असो नसो, मरत नाही. कांडी खोचली की फुटते. कुंपणाला उत्तम, बांधाला उत्तम! मला वाटले, आपल्या आज्याच्या तलावासाठी काहीतरी करावे. श्रमदानाच्या तासाला सातवी-आठवीची साठेक मुले घेऊन आलो. शेजारच्या गावाहून बैलगाडीभर कांड्या आणल्या होत्या. एका शनिवारी सकाळी आम्ही पाळीच्या कडेने दोन ओळी लावल्या. मुलांनी गाणी म्हटली. वरून शाबासकीचे पत्रही आले, ते मी बरीच वर्षे कपाटात जपून ठेवले होते.

दोन पावसाळ्यांत पाळ खचायची थांबली. मला धन्य वाटले. मग एका पुरात कांड्या मोडून पाण्यात गेल्या आणि जिथे अडकल्या तिथे रुजल्या. काठ सोडून झुडूप आत सरकू लागले. देवधानाची जागा आधी गेली, कारण ती उथळ. मग कमळे गेली. शिंगाड्याचे एक कुटुंब होते, त्यांचा धंदा बसला. मुळ्यांत गाळ अडकून काठ आणखी भरत गेला, आणि जो भरला तो बेशरमचाच झाला. त्याच सुमारास तलावात बाहेरच्या मोठ्या माशांचे बियाणे सोडायला लागले, त्यातल्या गवत खाणाऱ्या माशांनी आतल्या वनस्पतींचा फडशा पाडला. ढीवरांच्या जाळ्यात येणारे गावठी मासे कमी कमी होत गेले.

माझ्या वह्यांत हे सगळे आहे. फक्त मी ते जोडून वाचले नाही. १९७९ च्या माघात तलवार बदके चारशेच्या वर. १९८६ मध्ये दीडशे. १९९३ मध्ये चाळीस. १९९८ मध्ये शून्य, आणि पुढे शाईने लिहिले आहे, 'यंदा थंडी कमी असावी.' वर्गात मी मुलांना कार्यकारणभाव शिकवत होतो! सारसाची जोडी आमच्या तलावावर मी शेवटची १९९१ साली पाहिली. आज महाराष्ट्रात सारस मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे आणि त्याची संख्या काही डझनांच्या पुढे नाही. सारस जाण्याचे सगळे पाप बेशरमचे नाही. शेतातली औषधे आहेत, विजेच्या तारा आहेत. पण त्याला घरटे करायला जे पाणगवत लागते ते आमच्या तलावात उरले नव्हते, आणि ते का उरले नव्हते हे मला ठाऊक आहे.

हे मला कोणी सांगितले? पुस्तकाने नाही. निवृत्त झाल्यावर, २०११ च्या सुमारास, एका उन्हाळ्यात पाळीवर फिरायला गेलो तर पंधरा-वीस ढीवर बायका कमरेएवढ्या चिखलात उभ्या राहून बेशरम मुळासकट उपटत होत्या. अर्जुनी मोरगाव भागातल्या काही तलावांवर असे काम आधीपासून सुरू झाले होते. बेशरम काढायचे, तळ थोडा नांगरायचा, दुसऱ्या तलावातून चांगल्या पाणवनस्पती आणून पावसाच्या तोंडी लावायच्या आणि गावठी मासे वाढू द्यायचे. आमच्या बायकांनी ते पाहून इकडे सुरू केले. मी विचारले, हे कशाला? त्यातली एक, माझी १९८२ च्या आठवीतली विद्यार्थिनी, हसून म्हणाली, "गुर्जी, तुमी लावलात, आमी उपडून रायलो."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. त्या दिवशी कांड्या खोचणाऱ्या मुलांत तीही होती. घरी येऊन मी कपाटातले ते पत्र काढले आणि जुन्या वह्या पहिल्यापासून वाचल्या. तीन दिवस लागले.

त्यानंतर दर उन्हाळ्यात थोडे थोडे काम झाले. मी चिखलात उतरत नाही, गुडघे साथ देत नाहीत. पण कुठे पूर्वी देवधान होते, कुठे कमळ होते, हे वह्यांत पाहून सांगतो. उत्तरेकडचा काठ जवळजवळ मोकळा झाला आहे. तिथेच रविवारी चक्रांग बसले होते. चार वर्षांपूर्वी काणूक बदके परत दिसली आणि अडई तर आता पावसाळ्यात पिल्ले घेऊन हिंडते. तलवार बदके छत्तीस. चारशे नाहीत, पण शून्यही नाहीत. दक्षिणेकडचा काठ अजून माझ्या रानाने भरलेला आहे. नातवाने बोट दाखवले ते तिकडेच.

हे सगळे आजच लिहायचे कारण म्हणजे पुढच्या महिन्यातली ग्रामसभा. तलावातला गाळ काढायचा प्रस्ताव आहे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना २०१७ पासून आहे आणि गाळाला माझा मुळीच विरोध नाही. उलट गाळ काढणे ही जुनीच रीत. आज्याच्या वेळी लोक उन्हाळ्यात गाडीने गाळ नेऊन बांधीत टाकत, धान चांगले येई. पण ते मधला भाग खणत, काठ सोडत. आता यंत्र येते, आणि यंत्राला काठावरून खणणे सोपे पडते. जिथे गाडी उभी राहील तिथूनच भरायला सुरुवात. काठाला उभी कड पडली की उथळ पाणी संपले. तलाव खोल होईल, पाणीसाठा वाढेल, कागदावर काम छान दिसेल आणि बदकाला मान घालायला जागा राहणार नाही. देवधानही नाही आणि त्यात अंडी घालणारे मासेही नाहीत. बायकांचे चौदा-पंधरा वर्षांचे काम आठवड्यात ट्रॅक्टरमध्ये भरले जाईल. आणि हे करणारी माणसे वाईट नाहीत. त्यांना तलावाचे भलेच करायचे आहे. मलाही १९८२ साली भलेच करायचे होते.

तेव्हा मी ग्रामसभेत बोलणार आहे. आखणी मधल्या भागात करा, उत्तरेचा काठ दोरी लावून सोडा, दक्षिणेचे बेशरम मुळासकट काढून तो काठ उताराचा ठेवा, आणि यंत्र उतरण्याआधी ढीवर बायकांना विचारा, एवढेच म्हणायचे आहे. पण ते म्हणण्याआधी बेशरम कोणी लावले हे सांगावे लागेल. गावात नव्या पिढीला ते माहीत नाही. ज्यांना माहीत आहे ते मास्तरांचा मान ठेवून बोलत नाहीत. घरच्यांचे म्हणणे, आता पंचाहत्तरीत हे उकरून काय मिळणार? मला वाटते, ज्या माणसाने एकदा न विचारता तलावाचे भले केले, त्याने दुसऱ्यांना 'आधी विचारा' म्हणायचे तर आपली गोष्ट झाकून म्हणता येत नाही.

नातू गेल्यावर गुरुवारी पहाटे पुन्हा गेलो. चक्रवाकाची जोडी नव्हती. तलवार बदके अकरा उरली होती. दिवस मोठा होऊ लागला की त्यांच्या अंगात चुळबुळ सुरू होते आणि एखाद्या रात्री उठून निघतात. भुवई बदके मात्र आता दिसू लागली आहेत. परतीच्या वाटेवर ती चैत्रापर्यंत रेंगाळतात. वहीत तारीख घालून लिहून ठेवले.

नातेवाईक मंडळींना एक विनंती. कोणाकडे १९८२ च्या आधीचा तलावाचा एखादा फोटो असेल, लग्नाचा, पोहण्याचा, गौरी-गणपती विसर्जनाचा, कसलाही, तर ट्रंका उघडून पाहा. माणसे कोण आहेत ते महत्त्वाचे नाही. मागे काठ कसा दिसतो ते मला ग्रामसभेत दाखवायचे आहे. पुसदच्या आत्याकडे एक होता असे आठवते, त्यात आजा तुडुमाजवळ उभा आहे.